प्लेसमेंट एजन्सीचं सॉफ्टवेअर : नवं घ्यायचंय, पण पुढे नक्की काय चालणार?

भोसरीकर
मंगळवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. भोसरीत आमची छोटी प्लेसमेंट एजन्सी आहे. मी, बायको आणि ९ जणांचा स्टाफ. चाकण, रांजणगाव, तळेगाव पट्ट्यातल्या कारखान्यांना माणसं देतो, डिप्लोमा ट्रेनीपासून प्लँट हेडपर्यंत. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी: माणूस रुजू झाला की त्याच्या वार्षिक सीटीसीच्या (कंपनीचा त्याच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, ही आमची फी. ६ लाखांचा माणूस लावला तर ५० हजार. ९० दिवसांच्या आत सोडून गेला तर त्याच्या जागी दुसरा फुकट.

आता रडगाणं. ७ वर्षं एका कंपनीचं सॉफ्टवेअर वापरलं. दिवाळीआधी मेल आला, सेवा बंद होतेय, महिन्याभरात आपला डेटा उतरवून घ्या. घेतला. एक एक्सेल आली आणि एक झिप. झिपमध्ये ३८ हजार सीव्ही, आणि फायलींची नावं काय, तर १, २, ३, ४... कुठली फाइल कोणाची हे एक्सेलमध्ये कुठेच नाही. आणि ज्यासाठी सॉफ्टवेअर घेतलं होतं ती टिपणं? "याला नाइट शिफ्ट जमत नाही", "आईचं ऑपरेशन आहे, मार्चनंतर फोन करा", "हा क्लायंट तोंडी हो म्हणतो, पीओ (लेखी ऑर्डर) काढत नाही". ७ वर्षांची ती सगळी टिपणं गेली. बायको दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, कारण त्यातली निम्मी तिने लिहिलेली.

सध्या गूगल शीटवर गाडा ओढतोय. तीन डेमो पाहिले, तिघेही एआय-एआय करतात. एकाने तर सांगितलं, "सर, दोन वर्षांत तुम्हाला अर्धा स्टाफ लागणारच नाही." आणि हे स्टाफसमोर! चहासुद्धा थंड मिळाला मग त्याला.

पुढची ४-५ वर्षं धरून पैसे घालायचे तर कशात घालू? या धंद्यातले, सॉफ्टवेअरमधले, कंपनीच्या बाजूचे, सगळ्यांनी लिहा.

---

एक्सेलवीर
मंगळवार, सकाळी १०:०५

रुमाल टाकून ठेवतो. तोवर एक पिंक: गूगल शीट, व्हॉट्सॲप आणि एक चांगली वही. तुमच्या बायकोची टिपणं वहीत असती तर आज घरात शांतता असती.

---

कोड_आणि_कांदेपोहे
मंगळवार, दुपारी १:२०

मी या प्रकारच्या सॉफ्टवेअरवर ६ वर्षं काम केलंय, आता दुसरीकडे आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आधी एक फरक. कंपन्यांच्या एचआरकडे असतं ते एटीएस, म्हणजे आलेल्या अर्जांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर, त्यात एकच बाजू: अर्ज करणारे. एजन्सीला दोन्ही बाजू सांभाळायच्या असतात, उमेदवारही आणि क्लायंटही. मध्ये असतं "कोणाचा प्रोफाइल कोणाला, कधी पाठवला" हे खातं. खरा धंदा त्या खात्यात आहे. बुलहॉर्न अमेरिकेत कित्येक वर्षं हेच विकतंय, आपल्याकडे झोहो रिक्रूट आहे, अजून दहाबारा आहेत. तुम्हाला डेमोत दाखवतात ते मात्र तिसरंच: सीव्ही टाका, आमचं यंत्र ९२ टक्के जुळतो म्हणून सांगेल.

तो आकडा विसरा. शब्द जुळवायची विद्या संपत आलीय. पूर्वी सीव्हीत "पीएलसी" (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) लिहिलेलं असलं तर पोराने निदान पीएलसी बघितलेला तरी असायचा. आता जेडी (जागेचं वर्णन) चॅटजीपीटीला दिला की दोन मिनिटांत हुबेहूब त्याला बेतलेला सीव्ही हातात. पेणहून एकाच साच्यातले गणपती यावेत तसे ४०० सीव्ही येतात, फक्त पितांबराचा रंग वेगळा. जे यंत्र ते वाचून गुण देतं आणि जे यंत्र ते लिहितं, ती एकाच कुळातली. ते एकमेकांना ९२ टक्के देणारच.

दुसरी अडचण आपल्या मातीतली. तुमच्याकडे ऑपरेटर, फिटर यांचे बायोडेटा चौकातल्या डीटीपीवाल्याने करून दिलेले येतात ना? ते कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये असतात, युनिकोडमध्ये नाही. डोळ्याला "सुनील" दिसतं, यंत्राला दिसतं एल-क्यू-यू-एच-वाय. परदेशी सॉफ्टवेअर त्याला नाव समजून गपगुमान साठवतं. मग आडनाव आधी की नाव आधी? "जाधव सुनील पांडुरंग" आणि "सुनील पी. जाधव" हे एकच की दोन? पांडुरंग हे वडिलांचं नाव हे त्याला कोण सांगणार? मुलीचं लग्न झालं की मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, राहतो तो फोन नंबर, तोही तोवर नवऱ्याच्या फॅमिली प्लॅनवर गेलेला. डेमोला जाल तेव्हा त्यांची नमुन्याची फाइल नको, आपला सगळ्यात घाणेरडा बायोडेटा पेन ड्राइव्हवर न्या.

---

चाकणची_एचआर
मंगळवार, दुपारी ३:५५

मी समोरच्या बाजूची. वाहनांचे सुटे भाग करणारी कंपनी, एजन्सी म्हणजे आमच्या भाषेत व्हेंडर. माझी कैफियत ऐका.

एका जागेसाठी ४ व्हेंडर मिळून ८० प्रोफाइल पाठवतात. त्यातले कितीतरी एकमेकांत सारखे, उरलेल्यांतले बरेच आमच्या पोर्टलवर आधीपासून. मग भांडण सुरू: "मॅडम, आम्ही आधी पाठवला होता." म्हणून आम्ही पोर्टल आणलं. प्रोफाइल पहिल्यांदा ज्याच्याकडून आला त्याचा तो ६ महिने. मेलवर पाठवलेलं धरत नाही. भोसरीकर, तुमचं सॉफ्टवेअर क्लायंटच्या पोर्टलशी बोलणार नसेल तर तुमच्या पोरी दिवसभर एकाच माणसाची माहिती पाच ठिकाणी टायपत बसतील. मोठ्या कंपन्यांकडे फील्डग्लाससारखी व्हेंडर सांभाळायची सॉफ्टवेअरं आहेत, आता मध्यम कंपन्याही तिकडेच निघाल्यात.

आणि मला ८० नकोत हो, मला ३ हवेत. पण त्या तिघांबद्दल खात्री हवी. गेल्या वर्षी डिझाइन इंजिनिअर घेतला. व्हिडिओवर फर्डा बोलला, सगळी उत्तरं बरोबर. फक्त प्रत्येक उत्तराआधी दोन सेकंद थांबायचा, आणि ओठ एक बोलत होते, कानाला दुसरं ऐकू येत होतं. आम्ही म्हटलं नेटवर्क असेल. रुजू व्हायच्या दिवशी गेटवर जो आला तो दिसायला तोच. पण जागेवर बसवून कॅड उघडायला सांगितलं तर माउसच धरता येईना. मुलाखतीत आवाज दुसऱ्याचाच होता.

तेव्हापासून माझा प्रत्येक एजन्सीला एकच प्रश्न असतो: तुमच्यापैकी कोणी याला डोळ्यांनी पाहिलंय का? त्याची नोंद, तारीख, फोटो, कोणी पाहिलं, हे देणारं सॉफ्टवेअर असेल तर तुमची फी कमी करायचा विषय मी बैठकीत काढणार नाही. शब्द देते.

---

एक्सेलवीर
मंगळवार, दुपारी ४:०२

माउस धरता येईना... लोळलो!

---

भोसरीकर
मंगळवार, रात्री ९:१५

चाकणच्या ताई, शेवटचं वाक्य स्क्रीनशॉट काढून ठेवलंय.

बोलणाऱ्या बॉटचा प्रयोगही केला, तो सांगतो. एकाने १५ दिवस फुकट दिला. यंत्र उमेदवाराला फोन करतं, मराठीत बोलतं, पगार-नोटीस पिरियड विचारतं, उत्तरं तक्त्यात भरतं. आवाज झकास, अगदी बातम्या देणाऱ्या बाईंसारखा. पहिल्या दिवशी २०० फोन. आमच्या पोरींना चार दिवस लागले असते. तोंडात बोट!

मग तक्ता उघडला. उमेदवार म्हणाला "पावणेतीन लाख", तक्त्यात ३ लाख. "साडेबावीस हजार हातात" याचे झाले २२ हजार सीटीसी. बार्शीच्या एका पोराने "हितनं लांब पडतंय" म्हटलं ते "इच्छुक" मध्ये. हे सुधारेल, मान्य. पण एक गोष्ट सुधारणार नाही असं वाटतं. "येणार ना सोमवारी?" या प्रश्नाला "येतो ना साहेब" आणि "बघतो की" ही दोन उत्तरं येतात. यंत्राने पहिल्याला हो आणि दुसऱ्याला कदाचित लिहिलं. आमच्या वैशालीने (नाव बदललंय) तेच रेकॉर्डिंग ऐकून सांगितलं, दोघंही येणार नाहीत. पहिला जास्तच गोड बोलला आणि दुसरा "बघतो" म्हणाला. आपल्याकडे "बघतो" म्हणजे नाही, हे मला कोणी शिकवलं नाही, तिलाही नाही. सोमवारी साडेसहाला कारखान्याच्या गेटवर उभा राहिलो. दोघंही नाही आले.

तरी पहिल्या चाळणीला बॉट ठेवीन म्हणतोय. २०० फोन कोण करतंय हाताने! आणि साध्या १० आकडी नंबरवरून दिवसभर फोन केले की ट्रूकॉलरवर लाल होतो तो वेगळाच ताप.

---

वकीलीणबाई
बुधवार, सकाळी ८:३०

३८ हजार सीव्ही वाचून पोटात गोळा आला, म्हणून लिहितेय. इथे सगळे एआयवर बोलताहेत. पण तुमच्या सॉफ्टवेअरचं पुढचं रूप दिल्लीतला एक कायदा ठरवणार आहे. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. मुद्द्याचं तेवढं सांगते.

एखाद्या मुलाने अमुक कंपनीतल्या नोकरीसाठी सीव्ही दिला. तो त्या कामासाठी दिला. दोन वर्षांनी तोच तुम्ही दुसऱ्या तीन कंपन्यांना पाठवलात, तर त्याची संमती कुठे आहे? संमती मागताना कशासाठी मागताय ते सांगावं लागेल, आणि ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. म्हणजे मराठी आलीच. "माझी माहिती काढून टाका" म्हटलं तर काढावी लागेल, तुमच्या लॅपटॉपवरच्या झिपमधूनसुद्धा. डेटा फुटला तर डेटा संरक्षण मंडळाला आणि त्या त्या माणसाला कळवायचं, मंडळाला सविस्तर तपशील ७२ तासांत. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. लहान एजन्सीला तेवढा कोणी लावणार नाही, पण त्याच्या हजाराव्या भागानेही कंबरडं मोडेल.

सगळ्यांचा गैरसमज असा की "डेटा सॉफ्टवेअर कंपनीकडे आहे, ती बघेल." नाही. ती फक्त तुमच्या सांगण्यावरून डेटा हाताळते. कायद्यापुढे उत्तर द्यायचं तुम्ही. तेव्हा डेमोत विचारा: संमती कधी, कोणत्या मजकुरावर, कोणत्या कामासाठी घेतली हे प्रत्येक नावापुढे दिसतं का? एका बटणाने माणूस सगळीकडून पुसता येतो का?

---

रेडिंगकर
बुधवार, दुपारी २:१०

वकीलीणबाईंना दुजोरा. मी इंग्लंडमध्ये एका आयटी भरती एजन्सीत आहे. आमच्याकडे २५ मे २०१८ ला जीडीपीआर, म्हणजे युरोपचा डेटा संरक्षण कायदा, लागू झाला. त्याआधीचे दोन महिने आम्ही जुन्या उमेदवारांना "संपर्कात राहायचंय का?" अशा मेल पाठवत होतो. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. मग बसून पुसापुशी. जुने डायरेक्टर रडायचे बाकी होते, कारण एजन्सी विकायला काढली की "आमच्याकडे इतके लाख सीव्ही" हाच भाव असायचा.

वर्षभराने लक्षात आलं की धंदा काही कमी झाला नाही. गेलेले सगळे मेलेलेच नंबर होते. ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्यातूनच जागा भरत होत्या. भोसरीकर, तुमच्या त्या झिपचं मला म्हणूनच फार दुःख वाटत नाही. टिपणांचं वाटतं.

अवांतर: इथे ब्रिटिश आणि आयरिश पासपोर्टवाल्यांची कामाच्या हक्काची तपासणी एप्रिल २०२२ पासून मान्यताप्राप्त डिजिटल सेवेकडून करून घेता येते. उमेदवार फोनवर चेहरा आणि पासपोर्ट दाखवतो, निकाल आमच्या सॉफ्टवेअरमध्ये. चाकणच्या ताईंना हवंय ते थोडंफार तसंच.

---

बेंचवरचा_बाजीप्रभू
बुधवार, रात्री ११:४०

आमच्यासारख्यांनी बोललेलं चालेल का? वय ४४, टेस्टिंगमधला, ८ महिने घरी. अर्ज केल्यावर सगळ्यात लवकर आलेला नकार ४ मिनिटांत, रात्री पावणेदोनला. त्या वेळी कुठला एचआर जागा असतो?

तुम्ही यंत्राने चाळणी लावा, पण चाळणी कोणी विणली तेही बघा. ॲमेझॉनने आपल्या १० वर्षांच्या सीव्हींवर असं यंत्र शिकवलं होतं. आधीची भरती बहुतेक पुरुषांची, म्हणून ते "विमेन्स" हा शब्द दिसला की गुण कापायला शिकलं. त्यांनी ते गुंडाळलं, २०१८ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली. अमेरिकेत वर्कडे या एचआर सॉफ्टवेअर कंपनीच्या छाननीवर वयाच्या भेदभावाचा खटला चालू आहे, मे २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने चाळिशीपुढच्या अर्जदारांना एकत्र दावा चालवायची प्राथमिक परवानगी दिली. आरोप सिद्ध झालेले नाहीत, कंपनीने नाकारलेत. पण विषय कोर्टात पोचला. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशा यंत्राची दर वर्षी बाहेरच्याकडून तपासणी करून घ्यावी लागते आणि उमेदवाराला आधी सांगावं लागतं. युरोपच्या एआय कायद्यात भरती जास्त धोक्याच्या यादीत आहे. आपल्याकडे यातलं काही नाही.

मला नोकरी नाही दिलीत तरी चालेल. "सीव्ही पाहिला, या जागेला जुळत नाही, या कारणाने" एवढं एक वाक्य कोणी पाठवलं तर मी त्या एजन्सीला जन्मभर माणसं सुचवीन.

---

भोसरीकर
गुरुवार, सकाळी ७:०५

बाजीप्रभू, चालेल काय, बोललंच पाहिजे. आम्ही पण उत्तर देत नाही, खोटं कशाला बोलू. वेळ नसतो हे कारण, आणि नाही म्हणायचं जिवावर येतं हे खरं कारण. तुमचा सीव्ही व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

गल्फवाला_बेलापूर
गुरुवार, दुपारी १२:३०

आमचं सगळंच निराळं. आखातात माणसं पाठवायची तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर सगळं चढवावं लागतं, आणि कामगाराकडून ३० हजार अधिक जीएसटी याच्यापुढे घेता येत नाही. (घेणारे घेतात, म्हणूनच आमची जात बदनाम.) दहावी पास की नापास यावर पासपोर्ट ईसीआर की नाही ते ठरतं, म्हणजे १८ देशांसाठी वेगळी परवानगी लागणार की नाही ते. परदेशी सॉफ्टवेअरला दहावी म्हणजे नुसतं शिक्षण वाटतं. आम्हाला तो कायद्याचा रकाना आहे.

आम्हाला एआय नको. पासपोर्ट कधी संपतो, मेडिकल कधी संपतं, व्हिसाचा शिक्का कधी लागला, विमान कधी, या चार तारखा एका ओळीत दाखवा आणि एक चुकणार असेल तर बोंब मारा. अजून असं नीट करणारं कोणी भेटलं नाही. आमच्याकडे भिंतीवरचा पांढरा फळा आहे. २२ वर्षं टिकलाय.

---

हजेरीबुक
गुरुवार, दुपारी ४:४५

कंत्राटी माणसं देणारे इकडे कोणी आहेत का? आमची गत सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या, २९ जुने कायदे त्यात गेले. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र. ठरावीक मुदतीच्या माणसाला एका वर्षावर ग्रॅच्युइटी, पूर्वी ५ वर्षं होती. वेतनाची व्याख्या बदलली, भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, म्हणजे पीएफ-ग्रॅच्युइटीचं गणित बदललं. आमच्या पेरोलवाल्या सॉफ्टवेअर कंपनीला विचारलं तर म्हणे पुढच्या अपडेटमध्ये. ६०० माणसांचे पगार ७ तारखेला करायचे, अपडेट कधी येणार बाबा?

म्हणून माझं मत, भरती आणि पगार एकाच सॉफ्टवेअरमध्ये यायला हवेत. एकदा भरलेलं नाव, यूएएन (पीएफचा क्रमांक), बँक खातं पुन्हा टाइप करायला लागू नये. एक आकडा चुकला की पोराचा पीएफ दुसऱ्याच्या नावावर. मी भोगलंय.

---

कोड_आणि_कांदेपोहे
गुरुवार, रात्री १०:२०

पैशांचं कोणी बोललं नाही अजून. आतापर्यंत भाव माणशी असायचा, ९ जण म्हणून ९ लायसन्स. बॉट आल्यावर विकणाऱ्यांची पंचाईत झालीय: माणसं कमी तर लायसन्स कमी. म्हणून आता वापरावर आकारणी येतेय. फोनच्या मिनिटाला इतके, वाचलेल्या सीव्हीला इतके, व्हॉट्सॲपच्या मेसेजला इतके. व्हॉट्सॲपचं तर असं आहे की उमेदवाराने मेसेज केला तर २४ तास तुमची साधी उत्तरं फुकट, आपण होऊन पाठवायचं तर मंजूर झालेला मजकूर आणि मेसेजमागे पैसे. वॉक-इनच्या आदल्या दिवशी ५ हजार मेसेज सोडलेत की महिन्याचं बिल बघून झीट येईल. करारात वरची मर्यादा लिहून घ्या.

आणि वसुली! तुमची फी माणूस रुजू झाल्यावर, बिल त्यानंतर, पैसे दोन महिन्यांनी, पण १८ टक्के जीएसटी तोवर भरून मोकळे व्हावं लागतं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे कराराप्रमाणे, पण फार तर ४५ दिवसांत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही, हा नियम २०२३-२४ च्या हिशेबापासून आहे. सॉफ्टवेअरने चाळिसाव्या दिवशी क्लायंटच्या अकाउंट्सला आपोआप तेवढी एक नम्र आठवण पाठवली तर ती कुठल्याही ९२ टक्क्यांपेक्षा जास्त कमावून देईल. हे मी आमच्या कंपनीत तीनदा सुचवलं होतं. "दिसायला आकर्षक नाही" म्हणून राहिलं.

---

चाकणची_एचआर
शुक्रवार, सकाळी ९:१०

कोड भाऊ, शत्रुपक्षाला शस्त्रं देऊ नका.

---

भोसरीकर
रविवार, सायंकाळी ६:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवून स्टाफला पण वाचायला दिलं.

शनिवारी चौथा डेमो झाला. या वेळी मी आणि बायको दोघं गेलो. कोड भाऊंनी सांगितल्याप्रमाणे पेन ड्राइव्हवर कृतिदेवमधला बायोडेटा नेला. पोरगा गडबडला, पण खोटं बोलला नाही, म्हणाला आम्ही ते चित्र समजून वाचतो, १० तले ७-८ बरोबर येतात. बरं वाटलं. संमतीची नोंद आहे, मराठी मजकूर आपला आपण टाकता येतो. पुसायचं बटण आहे. क्लायंटच्या पोर्टलशी जोडणी दोनच ठिकाणी, बाकी हातानेच. चाळिसाव्या दिवसाची आठवण नाही, पण करून देतो म्हणाले. बॉटचे पैसे वेगळे, वर मर्यादा घालायला तयार.

एकूण बरं वाटलं म्हणून शेवटचा प्रश्न बायकोने विचारला. आम्ही सोडून जायचं ठरवलं तर सीव्ही, त्यावरचं नाव आणि आम्ही लिहिलेली टिपणं, तिन्ही एकमेकांना जोडलेली परत मिळतील का? आणि हे करारात लिहून द्याल का?

तो म्हणाला, "बघतो मॅडम."

बायकोने पर्स उचलली.

---

एक्सेलवीर
रविवार, सायंकाळी ६:३४

वही कुठली घेताय? २०० पानी की ४००?

---

कोड_आणि_कांदेपोहे
रविवार, सायंकाळी ७:५०

वहिनींना सांगा, सोमवारी त्यांच्या विक्रीवाल्याला नाही, तांत्रिक बाजूच्या माणसाला फोन लावा आणि आपल्याच १० नावांचा नमुना उतरवून मागा. तो देऊ शकत असेल तर लगेच देईल, अर्ध्या तासाचं काम आहे. व्यनित काय काय मागायचं ते रकान्यांसकट लिहून पाठवतोय.